एकदा लिहिलेले, अनेकदा वाचलेले : अनुवृत्तीपासून यॅमलपर्यंत

मोठी संगणकप्रणाली चालते ती केवळ आज्ञावलीवर नव्हे. आज्ञावलीने कोणत्या सर्व्हरशी बोलावे, उत्तराची किती सेकंद वाट पाहावी, अपयश आल्यास किती वेळा पुन्हा प्रयत्न करावा, हे सारे एका वेगळ्या फाइलीत नाव आणि मूल्य अशा जोड्यांनी लिहिलेले असते. तिला कॉन्फिगरेशन फाइल म्हणतात. अशी फाइल वाढू लागली की एक प्रश्न हमखास उभा राहतो. एकच मूल्य दहा ठिकाणी लागत असेल, तर ते दहा वेळा लिहावे, की एकदाच लिहून बाकीच्या नऊ ठिकाणी त्याकडे बोट दाखवावे?

दहा वेळा लिहिले, तर बदलाच्या वेळी एखादे ठिकाण नजरेतून सुटते आणि प्रणालीचे दोन भाग एकाच गोष्टीबद्दल दोन वेगळी मूल्ये धरून बसतात. एकदाच लिहिले, तर फाइल आटोपशीर होते. मात्र मधली एखादी ओळ वाचणाऱ्याला तिचा पूर्ण अर्थ त्या ओळीत सापडत नाही. त्याला वर जावे लागते, आणि किती वर जायचे हेही ठाऊक असावे लागते. म्हणजे लिहिणाऱ्याचे श्रम वाचले, पण ते नाहीसे झाले नाहीत. वाचणाऱ्याच्या खात्यावर चढले.

हा प्रश्न संगणकाने निर्माण केलेला नाही. तो किमान सव्वादोन हजार वर्षे जुना आहे, आणि त्याच्या इतिहासातील काही महत्त्वाची पाने मराठी माणसांनी, काशीत आणि पुण्यात बसून, लिहिलेली आहेत.

सूत्रांमधून वाहणारा शब्द

पाणिनीची 'अष्टाध्यायी' हा सुमारे चार हजार सूत्रांचा ग्रंथ. आठ अध्याय, प्रत्येकाचे चार पाद, असे एकूण ३२ पाद. पाणिनीचा काळ सामान्यतः इसवी सनापूर्वीचे पाचवे ते चौथे शतक असा मानला जातो. त्याचे गाव शलातुर आजच्या पाकिस्तानच्या वायव्य भागात होते. ग्रंथ मुखोद्गत करायचा असल्याने प्रत्येक अक्षराची काटकसर महत्त्वाची होती. ती साधण्यासाठी पाणिनीने जी साधने वापरली, त्यांतील दोन येथे लक्षात घ्यावी लागतात.

पहिले साधन प्रत्याहार. आरंभी १४ लहान सूत्रांत वर्णांची एक विशिष्ट क्रमाने मांडणी करून ठेवली आहे. त्यानंतर 'अच्' म्हटले की सर्व स्वर आणि 'हल्' म्हटले की सर्व व्यंजने. यादी एकदाच दिली. पुढे केवळ तिचे नाव.

दुसरे साधन अनुवृत्ती. आधीच्या सूत्रात आलेला शब्द पुढच्या सूत्रात न उच्चारता चालू धरायचा, ही ती पद्धत. शाळेत शिकलेल्या संधींवरूनच ती स्पष्ट होते. सहाव्या अध्यायाच्या पहिल्या पादातील ७७वे सूत्र सांगते की पुढे स्वर आला असता इ, उ, ऋ, ऌ यांच्या जागी अनुक्रमे य, व, र, ल येतात. 'इति' आणि 'आदि' मिळून 'इत्यादि' होते ते यामुळे. 'पुढे स्वर आला असता' या अर्थाचा 'अचि' हा शब्द या सूत्रात उच्चारलेला आहे. पुढचे ७८वे सूत्र ए, ओ, ऐ, औ यांच्या जागी अय्, अव्, आय्, आव् सांगते. 'ने' आणि 'अन' यांचे 'नयन' त्यातून होते. येथेही पुढे स्वर हवाच, पण 'अचि' पुन्हा लिहिलेले नाही. ते वरून वाहत आले.

८७वे सूत्र सांगते की अ किंवा आ यांच्यापुढे स्वर आला तर गुण होतो : गण आणि ईश, गणेश. 'अचि' येथेही वरूनच. त्यापुढचे ८८वे सूत्र अधिक बोलके आहे. सदा आणि एव यांचे 'सदैव' होते. म्हणजे अ किंवा आ यांच्यापुढे ए, ओ, ऐ, औ आले तर गुण न होता वृद्धी होते. या सूत्रात 'अ किंवा आ यांच्यापुढे' हा भाग आधीच्या सूत्रातून घेतला आहे, परंतु 'कोणताही स्वर' या जागी 'एचि' असा नवा, अरुंद शब्द घातला आहे. एक मूल्य वारशाने आले, दुसरे जागेवरच बदलले.

याच्याही वरची पायरी म्हणजे अधिकारसूत्र. ८४वे सूत्र स्वतः कोणताच संधी घडवीत नाही. 'आधीचा आणि नंतरचा, दोन्हींच्या जागी एकच' एवढाच भाग ते पुरविते. तो भाग १११व्या सूत्रापर्यंत प्रत्येक नियमात वाचायचा असतो. सत्तावीस सूत्रांना लागणारी गोष्ट एकदाच उच्चारली गेली.

आज हीच मांडणी कशी दिसते

यॅमल ही कॉन्फिगरेशन फाइली लिहिण्याची एक अतिशय रूढ पद्धत. तिची कल्पना २००१ साली पुढे आली. क्लार्क इव्हान्स, इंगी डॉट नेट आणि ओरेन बेन-किकी हे तिचे रचनाकार. तिच्यात एखाद्या मूल्यसमूहाला & या चिन्हाने नाव देता येते आणि * या चिन्हाने तो समूह पुन्हा बोलावता येतो. देवनागरीत लिहिल्यास ते असे दिसेल :

सामाईक: &सामाईक
    प्रतीक्षा: ३० सेकंद
    प्रयत्न: ५ वेळा
चाचणी:
    <<: *सामाईक
प्रत्यक्ष:
    <<: *सामाईक
    प्रतीक्षा: ६० सेकंद

'चाचणी' या भागाला दोन्ही मूल्ये वरून मिळाली. 'प्रत्यक्ष' या भागाने प्रयत्नांची संख्या वरून घेतली, पण प्रतीक्षेचा काळ स्वतःचा ठेवला. गणेश आणि सदैव यांच्या सूत्रांत जे घडले, तेच येथे घडले आहे.

साम्य एवढ्यावर थांबत नाही. एकच नाव दोनदा दिले गेल्यास यॅमलमध्ये बोलावणाऱ्या ओळीच्या लगेच आधीचे नाव ग्राह्य धरले जाते, आणि खाली पुढे येणारे नाव आधीच्या ओळीला बोलावता येत नाही. प्रवाह वरून खालीच वाहतो. अनुवृत्तीचाही सामान्य नियम हाच.

तरीही साम्य म्हणजे वंशावळ नव्हे. यॅमलच्या रचनाकारांनी पाणिनीपासून ही युक्ती घेतली असे म्हणायला कोणताही आधार नाही. जेथे जागा महाग आणि पुनरुक्ती धोक्याची, तेथे वेगवेगळ्या काळातील माणसे एकाच उपायापाशी पोहोचतात, इतकाच त्याचा अर्थ.

हरवलेली खूण

मात्र एका बाबतीत दोघांत मोठा फरक आहे, आणि या इतिहासातील खरा पेच तेथेच आहे. यॅमलमध्ये बोलावणे लिखित असते. * हे चिन्ह डोळ्यांना दिसते. अनुवृत्तीत बोलावणे अदृश्य असते. मग एखादा शब्द कुठपर्यंत वाहतो आणि कोठे थांबतो, हे कसे कळावे?

पाणिनीने याची तरतूद केली होती. पहिल्या अध्यायाच्या तिसऱ्या पादातील ११वे सूत्र सांगते की अधिकार स्वरिताने ओळखावा. स्वरित हा उच्चारातील एक विशिष्ट सूर. पुढे चालवायचा शब्द त्या सुरात उच्चारला जाई, आणि ऐकणाऱ्याला खूण पटे. परंतु ग्रंथ आपल्यापर्यंत जसा आला, त्यात हे सूर नाहीत. सूत्रांचे शब्द टिकले, त्यांवरची खूण गळून पडली. कोणता शब्द स्वरित मानायचा हे गुरूच्या सांगण्यावरूनच समजून घ्यायचे, असे व्याकरणाच्या परंपरेलाच नमूद करावे लागले.

शिवाय खूण असती, तरी तिने आरंभ कळला असता; शेवट नव्हे. ही अडचण इसवी सनापूर्वीच्या काळातच ओळखली गेली होती. पतंजलीच्या महाभाष्यात या सूत्रावरील चर्चेत एक लक्षवेधी सूचना येते : अधिकाराच्या शब्दाला एक वर्ण जोडावा, वर्णमालेत तो वर्ण जितकाव्या स्थानी असेल, तितक्या सूत्रांपर्यंत तो अधिकार चालावा. म्हणजे व्याप्तीचा आकडाच शब्दाला बांधून ठेवावा. त्यावर लगेच आक्षेप येतो की सूत्रांची संख्या वर्णांच्या संख्येहून जास्त असली तर काय? त्याचे उत्तर असे की तेथे 'अमुक सूत्राच्या आधीपर्यंत' असे स्पष्ट सांगावे. काही ठिकाणी पाणिनीने स्वतःच तसे केले आहे. पहिल्या अध्यायाच्या चौथ्या पादाच्या आरंभीचा अधिकार दुसऱ्या अध्यायातील एका नेमक्या शब्दापर्यंत चालतो, असे त्या सूत्रातच म्हटलेले आहे.

जेथे असे म्हटलेले नाही, तेथे वाद झाले. सहाव्या अध्यायाच्या चौथ्या पादाच्या आरंभी 'अंग' या संज्ञेचा अधिकार सुरू होतो. तो सातव्या अध्यायाच्या शेवटापर्यंत चालवावा, की त्याआधी, धातूच्या द्वित्वासंबंधीचे विकार सुरू होतात तेथेच थांबवावा, याची चर्चा प्राचीन टीकाकारांनी केली आहे. एक शब्द कोठे थांबतो याच्या उत्तरावर त्यानंतरच्या नियमांचा अर्थ अवलंबून होता.

आणखी एक गुंतागुंत अशी की शब्द कधीकधी मधली सूत्रे ओलांडून पुढे प्रकटतो. 'एचि'ने ८८व्या सूत्रात 'अचि'ला बाजूला सारले. पण 'देवालय' घडविणाऱ्या १०१व्या सूत्राचा अर्थ सांगताना काशिकावृत्ती 'अचि' पुन्हा गृहीत धरते. अशा उडीला परंपरेने 'मंडूकप्लुती', म्हणजे बेडकाची उडी, असे नाव दिले. नाव गमतीचे आहे, पण त्यामागची अडचण गंभीर आहे. उडी कोठून कोठे पडेल हे सूत्र सांगत नाही. ते टीका सांगते.

काशीचे नागेश, पुण्याचे अभ्यासक

दिल्लीतील लक्ष्मीबाई नगर ही वसाहत ज्या झाशीच्या राणीचे नाव धारण करते, ती काशीच्या मराठी समाजात, तांबे घराण्यात जन्मली. गंगेकाठच्या याच समाजात तिच्या कित्येक दशके आधी नागेशभट्ट होऊन गेले. काळे हे त्यांचे आडनाव, शिवभट्ट हे वडील. भट्टोजी दीक्षितांचे नातू हरी दीक्षित हे त्यांचे गुरू. सतराव्या शतकाची अखेर आणि अठरावे शतक हा त्यांचा काळ.

नागेशांचा 'परिभाषेंदुशेखर' हा ग्रंथ सूत्रांचा अर्थ लावण्याच्या नियमांचा आहे. नियम कसे वाचावेत याविषयीचे नियम. त्यात १२२ परिभाषांचे विवेचन आहे. पहिली परिभाषा सांगते की शंका आली तेथे विशेष अर्थ व्याख्यानावरून, म्हणजे परंपरेने दिलेल्या स्पष्टीकरणावरून, समजून घ्यावा. केवळ शंका आहे म्हणून नियम निरुपयोगी ठरत नाही. शेवटची परिभाषा सांगते की अर्धी मात्रा वाचली तरी वैयाकरणांना पुत्रजन्माइतका आनंद होतो. ग्रंथाचा शेवट काटकसरीच्या आनंदाने होतो, तर आरंभ त्या काटकसरीची किंमत कोण चुकवितो याच्या उत्तराने : व्याख्याता. वाचविलेली प्रत्येक अर्धी मात्रा कोणीतरी समजावून सांगावी लागते, आणि सांगणाऱ्यांची साखळी तुटली तर ती मात्रा पुन्हा मिळत नाही.

ती साखळी टिकविणाऱ्यांत मराठी नावे ठळक आहेत. नागेशांचे शिष्य वैद्यनाथ पायगुंडे यांनी परिभाषेंदुशेखरावर 'गदा' ही टीका लिहिली. एकोणिसाव्या शतकात जर्मन विद्वान फ्रांत्स कीलहॉर्न पुण्याच्या डेक्कन कॉलेजात संस्कृतचे प्राध्यापक होते. त्यांनी पुण्यातील शास्त्र्यांच्या साहाय्याने हा ग्रंथ अभ्यासला आणि १८६८ ते १८७४ या काळात मूळ संहिता व इंग्रजी अनुवाद 'बॉम्बे संस्कृत सिरीज'मध्ये प्रसिद्ध केला. पुढे त्यांनी महाभाष्याची तीन खंडांची आवृत्तीही सिद्ध केली. तोंडी चालत आलेले व्याख्यान अशा रीतीने छापील पानावर आले. त्यानंतर महामहोपाध्याय वासुदेवशास्त्री अभ्यंकर यांनी संपूर्ण महाभाष्य मराठीत आणले, आणि त्यांचे पुत्र काशीनाथ वासुदेव अभ्यंकर यांनी संस्कृत व्याकरणाचा पारिभाषिक कोश रचला.

या सर्वांनी परंपरेचे उत्तर जतन केले. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पुणे विद्यापीठात एक वेगळा प्रश्न विचारला गेला. टीकाकार काय म्हणतात हे क्षणभर बाजूला ठेवले, तर केवळ सूत्रांच्या रचनेवरून अनुवृत्तीचे नियम शोधता येतील का? शिवराम दत्तात्रय जोशी आणि सरोजा भाटे यांनी या प्रश्नाला वाहिलेले पुस्तक १९८४ साली पुणे विद्यापीठाच्या संस्कृत प्रगत अध्ययन केंद्राने प्रसिद्ध केले. त्याआधी, १९८३ साली, 'च' या एका अव्ययाचे अष्टाध्यायीतील कार्य तपासणारा त्यांचा ग्रंथ आला होता. एवढ्याशा अव्ययावर स्वतंत्र ग्रंथ का लागावा, याचे उत्तर अनुवृत्तीतच आहे : सूत्रात 'आणि' आले की वरचे काहीतरी सोबत घ्यायचे असते, ते नेमके काय, हाच प्रश्न.

या अभ्यासाचा गाभा थोडक्यात असा. सूत्राचा अर्थ पुरा होण्यासाठी जे हवे, ते वरून येते. त्याच जातीचा, पण विसंगत असा नवा शब्द आला, की जुना थांबतो. 'एचि'ने 'अचि'ला थांबविले, कारण दोन्ही 'पुढे काय हवे' याच एका प्रश्नाची उत्तरे आहेत. पण 'अ किंवा आ यांच्यापुढे' हा भाग थांबला नाही, कारण त्याच्या जागेवर कोणी दावा सांगितला नव्हता. जोशी यांनी पुढे जे. ए. एफ. रूडबर्गेन यांच्यासह अष्टाध्यायीचा सटीप अनुवाद हाती घेतला. नवी दिल्लीच्या साहित्य अकादमीने १९९१ पासून तो खंडशः प्रसिद्ध केला.

हरवलेली खूण परत मिळाली नाही. परंतु खूण नसतानाही प्रवाहाचे पात्र कसे ओळखावे, याची तपासता येण्याजोगी कसोटी मिळाली. शास्त्राच्या दृष्टीने हे मोल मोठे आहे, कारण कसोटी चुकीची असेल तर ती चुकीची आहे असे दाखविता येते.

मजकूर, सदर आणि कायदा

ही गरज व्याकरणापुरती नव्हती. मोडी कागदपत्रे वाचणाऱ्यांना 'मजकूर' हा शब्द पदोपदी भेटतो : मौजे मजकूर, कसबे मजकूर, साल मजकूर. अरबीतून आलेल्या या शब्दाचा अर्थ 'ज्याचा उल्लेख झाला आहे तो'. गावाचे किंवा सालाचे नाव एकदा लिहिले की पुढे 'मजकूर' एवढेच पुरे. ज्या पत्रात दोन गावे येतात, तेथे 'मौजे मजकूर' म्हणजे कोणते, हे ठरविताना वाचकाला अष्टाध्यायीच्या अभ्यासकासारखेच वर पाहावे लागते. पुढे मराठीत हा शब्द 'लिहिलेला भाग' या अर्थाने स्थिरावला आणि त्याचे जुने काम 'सदर' किंवा 'उपरोक्त' यांच्याकडे गेले.

कायद्याने हेच काम अधिक पद्धतशीरपणे केले. १८९७चा सर्वसाधारण वाक्खंड अधिनियम हा असा कायदा आहे की जो स्वतः फारसे काही सांगत नाही. इतर कायद्यांना लागणाऱ्या व्याख्या तो एकत्र पुरवितो. एकवचनात अनेकवचन येते, पुल्लिंगात स्त्रीलिंग येते, अशा बाबी प्रत्येक कायद्यात पुन्हा लिहाव्या लागत नाहीत. मुंबई प्रांताने १९०४ साली आपल्या कायद्यांसाठी असाच अधिनियम केला. संविधानाच्या ३६७व्या अनुच्छेदाने संविधानाच्या अर्थनिर्णयासाठीही १८९७चा अधिनियम लागू केला. विषय किंवा संदर्भ विसंगत असेल तर सामाईक व्याख्या लागू होत नाही, ही अट त्यात आहे. म्हणजे जागेवरच्या मूल्याला वरच्या मूल्यावर मात करता येते. जुना कायदा रद्द होऊन त्याच्या जागी नवा आला, तर इतर कायद्यांतील जुने उल्लेख नव्या कायद्याकडे वळवून वाचावेत, अशीही तरतूद त्याच्या आठव्या कलमात आहे. १ जुलै २०२४ रोजी १८६०च्या भारतीय दंड संहितेची जागा भारतीय न्याय संहितेने घेतली, तेव्हा असंख्य कायद्यांतील जुने उल्लेख लोंबकळत राहू नयेत यासाठी हीच तरतूद उपयोगी होती.

परंतु उल्लेख करणे आणि उतरवून घेणे यांत फरक आहे, आणि त्या फरकावर माणसाचे स्वातंत्र्य अवलंबून असू शकते. १९४७च्या भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्याने 'लोकसेवक' या शब्दाची व्याख्या स्वतः न लिहिता दंड संहितेच्या २१व्या कलमाकडे बोट दाखविले. पुढे १९५८ आणि १९६४ साली त्या कलमात दुरुस्त्या होऊन सरकारी कंपन्यांचे कर्मचारीही व्याख्येत आले. भोपाळच्या एका सरकारी कंपनीच्या कर्मचाऱ्याच्या खटल्यात प्रश्न असा उभा राहिला की १९४७च्या कायद्याने त्या वेळची व्याख्या स्वतःत कायमची उतरवून घेतली होती, की मूळ व्याख्या बदलली की याही कायद्यात ती आपोआप बदलते? पहिला अर्थ घेतल्यास तो कर्मचारी लोकसेवक ठरत नव्हता. दुसरा घेतल्यास ठरत होता. सर्वोच्च न्यायालयाने १९७५ साली सुधारित व्याख्या लागू असल्याचा निर्णय दिला. दोन्ही कायदे एकाच विषयाशी निगडित आणि परस्परपूरक असल्याने मूळ व्याख्येतील बदल दुसऱ्या कायद्यातही पोहोचतो, असे त्यामागचे तर्कशास्त्र होते.

कॉन्फिगरेशन फाइल लिहिणाऱ्यापुढेही हाच पर्याय असतो. मूल्याची प्रत घेतली तर मूळ बदलल्यावर प्रत जुनीच राहते. संदर्भ दिला तर मूळ बदलताच सर्वत्र बदल होतो. यांतील एक बरोबर आणि दुसरे चूक असे सरसकट म्हणता येत नाही. दोन मूल्ये आज योगायोगाने सारखी आहेत, की एकाच कारणाने सारखी आहेत, हे आधी ठरवावे लागते. केवळ आकडा सारखा दिसतो म्हणून असंबद्ध गोष्टी एकत्र बांधल्या, तर उद्या एकीसाठी केलेला बदल दुसरीला मोडून टाकतो.

संक्षेपाचे धोके

संगणकाच्या जगात या संक्षेपाचा एक असा धोका आहे, जो व्याकरणात किंवा कायद्यात नव्हता. समजा एका नावाने दहा वेळा दुसऱ्या नावाला बोलावले, त्याने दहा वेळा तिसऱ्याला, आणि अशा नऊ पायऱ्या रचल्या. काही ओळींची ती फाइल पूर्ण उलगडली तर एक अब्ज मूल्ये तयार होतात आणि सर्व्हरची स्मृती भरून जाते. हा हल्ला आधी एक्सएमएल या मांडणीत माहीत झाला. २०१९ साली कुबरनेटीज या जगभर वापरल्या जाणाऱ्या प्रणालीत यॅमलमधील अशाच उल्लेखांमुळे निर्माण होणारी त्रुटी उघड झाली आणि तिची दुरुस्ती करावी लागली.

दुसरा धोका अर्थाचा. यॅमलमधील << हे चिन्ह मूल्ये मिसळते ते केवळ वरवर. वारशाने आलेल्या भागात आणखी एक समूह दडलेला असेल आणि खाली त्याच नावाने नवा समूह लिहिला, तर आतली मूल्ये एकत्र होत नाहीत. जुना समूह पूर्ण जातो, नवा त्याची जागा घेतो. तसेच & ने दिलेले नाव एका दस्तऐवजापुरतेच चालते; दुसऱ्या फाइलीतून ते बोलावता येत नाही. २००५ साली आलेले << हे चिन्ह २००९च्या १.२ आवृत्तीच्या मूळ नियमांत समाविष्ट नाही. त्यामुळे एकच फाइल वाचणाऱ्या दोन साधनांत दोन अर्थ निघणे शक्य असते. येथे अंगाधिकाराचा जुना वाद आठवल्याशिवाय राहत नाही : शब्द तेच, व्याप्तीविषयी वाचकांत मतभेद. जेसन या दुसऱ्या लोकप्रिय मांडणीने ही सोयच ठेवली नाही. तेथे पुनरुक्ती सोसावी लागते, पण समोरच्या ओळीचा अर्थ समोरच असतो.

पाणिनी आणि संगणक यांच्याविषयी बोलताना एक गैरसमजही दूर ठेवायला हवा. संस्कृत ही संगणकासाठी सर्वोत्तम भाषा असल्याचे नासाने जाहीर केले, हा मजकूर समाजमाध्यमांवर सतत फिरत असतो. त्याचे मूळ रिक ब्रिग्ज यांच्या १९८५च्या 'एआय मॅगझीन'मधील लेखात आहे. तो एका संशोधकाचा लेख होता, संस्थेची घोषणा नव्हती. आणि वाक्यार्थाच्या शास्त्रीय विश्लेषणाची तुलना ज्ञान मांडण्याच्या आधुनिक पद्धतींशी करणे हा त्याचा विषय होता. त्याहून नेमका उल्लेख १९६७चा आहे. प्रोग्रॅमिंग भाषांचे व्याकरण लिहिण्याच्या बॅकस यांच्या पद्धतीला पाणिनीचेही नाव जोडावे, असे पीटर इंगरमन यांनी संगणकशास्त्राच्या एका नियतकालिकाला पत्र लिहून सुचविले होते. पाणिनीचे मोठेपण सिद्ध करायला त्याहून अधिकाची गरज नाही. त्याने नियम लिहिण्यासाठी एक काटेकोर मांडणी घडविली आणि त्या मांडणीच्या मर्यादांवर त्याच्या वारसदारांनी शतकानुशतके मोकळेपणाने वाद घातला.

या दीर्घ इतिहासातून आजच्या विद्यार्थ्याला हाती लागणारी गोष्ट व्यवहाराची आहे. सामाईक मूल्य लिहिताना तीन प्रश्नांची उत्तरे जवळच लिहून ठेवावीत : हे मूल्य कोठून येते, कुठपर्यंत चालते, आणि ते कोण बदलू शकते. महाभाष्यातील सूचना व्याप्तीचा आकडा शब्दालाच बांधण्याची होती, त्यामागे हीच काळजी होती. ज्या ठिकाणी मांडणीची भाषा ही उत्तरे लिहू देत नाही, तेथे टीप लिहावी, आणि तीही शक्य नसेल तर मूल्य सरळ दोनदा लिहावे. स्वरिताची खूण कोणी जाणूनबुजून पुसली नव्हती. ती केवळ उच्चारात होती, आणि ज्यांना ती ठाऊक होती त्यांना ती वेगळी लिहून ठेवण्याची गरज वाटली नाही.